शार्त्रच्या आईची ओटी

देवळाच्या दाराशी पोहोचल्यावर भाविकाची पहिली नजर कळसाकडे जाते, सहल नेणाऱ्याची चपलांकडे. आयुष्याचा मोठा भाग मी या दुसऱ्या नजरेने देवळे पाहिली. तरीही देव अधूनमधून दिसत राहिला, ही त्याचीच कृपा.

माझे शिक्षण कोकणातल्या एका पाठशाळेत झाले आणि पुढे संस्कृत घेऊन मी एम. ए. केले. शिक्षकाची नोकरी मिळाली नाही. ठाण्याला खोपटच्या एसटी आगारासमोर एका यात्रा कंपनीचे लहानसे कार्यालय होते. काशी-रामेश्वराच्या यात्रेकरूंना संकल्प सांगणारा गुरुजी म्हणून मी तेथे लागलो आणि त्याच कंपनीतून निवृत्त झालो. मधल्या काळात मालकांनी परदेशच्या सहली सुरू केल्या. तेव्हा त्यांनी मला बोलावून म्हटले, "गुरुजी, काशी झालेली आपली माणसं आता युरोप म्हणतायत. माणसं तीच आहेत आणि त्यांचे गुडघेही तेच. दोन्ही तुमच्या ओळखीचे. तुम्हीच चला."

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांना वाटते की सहलीचा व्यवस्थापक इतिहास सांगतो. इतिहास सांगायला त्या त्या गावचा वाटाड्या असतो. आमचे काम त्याच्या आधी सुरू होते. कोणाला खिडकीशी बसल्यावाचून मळमळते, रक्तदाबाची गोळी कोणी पेटीत ठेवून पेटी बसच्या पोटात टाकली आहे, स्वच्छतागृहाची पुढची सोय कोठे आहे, आणि सकाळच्या चहात आले नाही म्हणून कोणाचे तोंड दुपारपर्यंत उतरलेले राहील, हे ज्याला ठाऊक तो व्यवस्थापक. पण खरी कसोटी लागते ती दुसऱ्यांच्या देवळात. तेथे आपल्या माणसांचे मन राखायचे असते आणि त्या देवळाचेही.

आपल्याकडे पाय उघडे करून आणि डोके झाकून देवासमोर जातात. तिकडे पुरुषाने डोके उघडे करायचे आणि पाय झाकलेले ठेवायचे. हे मी प्रत्येक सहलीत बसमध्येच समजावून सांगत असे आणि प्रत्येक सहलीत दारात पोहोचताच कोणीतरी वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागत असे. मी म्हणे, "राहू द्या, राहू द्या." ते म्हणत, "अहो, पण देवळात जायचंय ना?" कानटोप्या मात्र काढून घ्याव्या लागत. त्या जमा करता करता माझ्या खांद्यावरच्या पिशवीचा आकार मोठ्या भोपळ्यासारखा होई.

एकदा जर्मनीत, राइन नदीच्या काठी, ठाण्याच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी प्रचंड कॅथीड्रलच्या पायरीवर नारळ फोडला. आमच्याबरोबर स्वयंपाकी असतो. त्याच्या सामानातून त्यांनी तो हळूच उचलला होता. आवाज ऐकून पहारेकरी धावत आला. पोस्टमास्तरांनी डोळे मिटून हात जोडले, मग शांतपणे खोबऱ्याचा तुकडा काढून पहारेकऱ्यापुढे धरला आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "घ्या, प्रसाद आहे." पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. त्याने तो तुकडा खाल्ला आणि पायरी पुसायला फडके आणून माझ्या हातात दिले. पायरी मी पुसली.

त्या दिवसापासून मी एक नियम केला: परक्या देवळात आपले हात आपल्या पाठीशी. नमस्कार मनातल्या मनात. फूल, उदबत्ती, नारळ, अंगारा यांतले काही बाहेर काढायचे नाही. तो नियम मी पुढे कसोशीने पाळला आणि पाळून घेतला. तो मोडला एकदाच, फ्रान्समधल्या शार्त्र गावी. त्याचीच हकिकत मला सांगायची आहे.

शार्त्र आमच्या कार्यक्रमात नव्हते. "लोकांना आयफेल हवा, बोटीतून फेरी हवी, अत्तर हवं. शार्त्र कुणाला माहितीय?" असे मालकांचे म्हणणे. मी चिकाटीने मागणी करत राहिलो. शेवटी ते म्हणाले, "जा, पण परत येताना दुकानासाठी वेळ ठेवा." ज्यांनी ते देऊळ पाहिले आहे त्यांना माझा हट्ट कळेल. पॅरिसकडून जाताना गव्हाची सपाट शेते लागतात आणि त्यांच्या कडेला, गाव दिसण्याच्या पुष्कळ आधी, दोन मनोरे उगवतात. दोन्ही सारखे नाहीत. एक साधा, निमुळता, तपस्व्यासारखा, तर दुसरा पुढच्या काळात बांधलेला, नक्षीने नटलेला. सावत्र भावांनी एकाच अंगणात उभे राहावे तसे ते शतकानुशतके उभे आहेत.

आत शिरल्यावर डोळ्यांना प्रथम काहीच दिसत नाही. मग अंधारातून निळा रंग उमलू लागतो. खिडक्यांच्या काचा मध्ययुगातल्या, तुकडे जोडून केलेल्या. महायुद्धात गावकऱ्यांनी त्या एकेक करून उतरवून दूर नेऊन जपल्या आणि पुन्हा बसवल्या. पुष्कळ खिडक्यांच्या तळाशी पाव भाजणारे, चांभार, सुतार, कापडवाले आपापले काम करताना दाखवले आहेत. संतांच्या कथा वर आणि पोटापाण्याचा उद्योग खाली, म्हणजे सगळे देऊळ जणू गावाच्या श्रमावर उभे. वेदीमागून अर्धवर्तुळाकार फिरणारा मार्ग आहे. तो पाहून माझ्या मनात एकच शब्द आला: प्रदक्षिणापथ. आमच्या मंडळींना तर तो सांगावाही लागला नाही. आपोआप सगळी वेदी उजव्या हाताला ठेवून चालू लागली. मी थांबवले नाही, कारण त्यांचे हात पाठीशी होते.

आपल्या अंबरनाथचे शिवालयही मध्ययुगातलेच. त्याच्या गाभाऱ्यात उतरायला जमिनीखाली पायऱ्या आहेत, आणि शार्त्रच्या देवळाखालीही दूरवर पसरलेले तळघर आहे. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन समाजांना देव जमिनीच्या पोटात ठेवावासा वाटला, याचे मला फार नवल वाटे. आजही वाटते.

त्या वर्षीच्या सहलीत कुंदाताई होत्या. विठ्ठलवाडी स्टेशनजवळ त्यांचे शिवणकाम चाले. पतीच्या माघारी त्यांनी यंत्रावर ब्लाउज शिवून मुलगी वाढवली आणि लग्न करून ठाण्याला दिली. मुलीचे नाव मेघना. तिला आधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नव्हता. सहल नक्की झाली तेव्हा तिसऱ्यांदा राहिल्याची गोष्ट कोणाला माहीत नव्हती आणि माहीत झाली तेव्हा पैसे भरून झाले होते. "मेघनाच म्हणाली, आई जा गं, सातव्या महिन्याच्या आत येशील परत," असे त्यांनी मला विमानातच सांगितले होते. सांगताना त्या वारंवार माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. आपण केले ते बरे की वाईट हे तेथे लिहिलेले असावे, असे.

त्याच सहलीत डोंबिवलीचे जोगळेकर होते. औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षे गेलेली. रसायनशास्त्राचे पदवीधर, विधुर, जिभेला धार. देवाचा विषय निघाला की ते चष्मा पुसायला घेत. आमची मैत्री जमली ती वाद घालून.

पॅरिसमधल्या हॉटेलात सकाळच्या न्याहारीला कुंदाताईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकले, "हो, हो," म्हणाल्या आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. मेघनाला रक्तस्राव होऊन ठाण्याच्या रुग्णालयात दाखल केले होते. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, काही सांगता येत नाही, पूर्ण विश्रांती, वाट पाहायची.

मी तेथूनच खोपटच्या कार्यालयाला फोन लावला. परतीच्या विमानात जागा मिळाली ती दुसऱ्या दिवशीची. त्यांना दिवसभर हॉटेलच्या खोलीत एकटे सोडणे मला जमणारे नव्हते. मी म्हटले, "कुंदाताई, आज आमच्याबरोबर चला. फोन हातात ठेवा. निदान माणसांत राहाल."

त्यांनी स्वेटर चढवला आणि बसमध्ये माझ्या मागच्या आसनावर येऊन बसल्या.

बसमध्ये मी शार्त्रची माहिती सांगायचो ती त्या दिवशीही सांगू लागलो आणि सांगता सांगता अडखळलो, कारण ती माहिती नेमकी अशी आहे. त्या देवळात एक जुने रेशमी वस्त्र जपलेले आहे. येशूच्या जन्माच्या वेळी मेरीच्या अंगावर ते होते अशी तिथल्या भाविकांची श्रद्धा. बाराव्या शतकाच्या अखेरीस मोठी आग लागून जुने देऊळ जवळजवळ सगळे जळाले. वस्त्रही गेले असे समजून गाव रडत बसले. पण ते सांभाळणारी माणसे ते घेऊन तळघरात उतरली होती. वर आग जळत असताना ती खाली दार लावून बसून राहिली आणि आग विझल्यावर वस्त्रासह जिवंत बाहेर आली. गावाने त्याला आईचा कौल मानला आणि आज दिसते ते देऊळ उभारले. बाळंतपणाच्या वाटेवरच्या स्त्रिया पुढे त्या वस्त्राची करुणा भाकू लागल्या.

हे शेवटचे वाक्य मी गाळणार होतो, पण ते तोंडातून निघून गेले.

मागून आवाज आला, "गुरुजी, वर सगळं जळत होतं?"

"हो."

"आणि खाली, पोटात, ते राहिलं?"

"राहिलं."

मग बराच वेळ त्या खिडकीतून गव्हाकडे पाहत होत्या. शार्त्रचे मनोरे दिसू लागले तेव्हा त्या पुढे वाकून हळू म्हणाल्या, "माझ्याजवळ खण आहे. लंडनच्या भाचीसाठी आणला होता, तिची भेट झाली नाही. मला त्या आईची ओटी भरायचीय."

शेजारच्या रांगेतून जोगळेकरांनी ऐकले. "झालं! गुरुजी, आता इथे ओटी, उद्या आयफेल टॉवरखाली सत्यनारायण. तुमचा नियम कुठे गेला?"

"नियम आहेच," मी म्हणालो.

"आणि ताई, रागावू नका, पण रक्तस्राव थांबवायला डॉक्टर लागतात. खण नाही लागत."

कुंदाताई त्यांच्याकडे वळल्या. आवाज चढला नाही. "डॉक्टर आहेत ना तिथे, साहेब. तिच्या उशाशी आहेत. मी इथे आहे. मी काय करू, तेवढं सांगा. तुम्ही सांगाल ते करते."

जोगळेकरांनी चष्मा काढला. पुसला मात्र नाही.

बस थांबेपर्यंत ओटीची तयारी झालेली होती, आणि ती कोणी सुरू केली हे मला कळलेही नाही. स्वयंपाक्याने डब्यातले मूठभर तांदूळ आणि हळकुंड दिले. विमानात नारळ नको म्हणून आणलेली सुक्या खोबऱ्याची वाटी कोणाच्या तरी पिशवीतून निघाली. एका काकूंनी पर्समधली कुंकवाची डबी पुढे केली. आपली माणसे एरवी खिडकीच्या जागेवरून दिवसभर अबोला धरतील, पण अशा वेळी हात न बोलता चालतात. खण निळा होता, गडद, लाल काठाचा.

दारात मी कानटोप्या जमा करत होतो. कुंदाताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गुरुजी, एक विचारू? चालेल ना?"

मी उत्तर मनात तयार ठेवले होते. देवी एकच, रूपे अनेक, परक्या ठिकाणी श्रद्धेने गेलेल्याला दोष नाही, असे काहीसे. मी बोलायला लागलो तशी त्यांनी मान हलवली.

"ते नाही हो. देवाचं मला कळतं. माझ्या हातून चालेल का? हे गेल्यापासून मी कुणाची ओटी भरलेली नाही. मेघनाच्या डोहाळजेवणालासुद्धा जाऊबाईच भरणार होत्या."

तिथल्या दगडी कमानीवर शेकडो मूर्ती कोरलेल्या आहेत. त्या सगळ्या माझ्याकडे पाहत आहेत असे मला वाटले. विधवेने ओटी भरू नये हा आमच्याकडचा रिवाज. मी किती घरांतून तो पाळला जाताना पाहिला आहे, आणि शास्त्र शिकलेला म्हणून मला विचारलेही गेले आहे. मी म्हणालो, "कुंदाताई, ही जी आत आहे ना, तिनंही पोटच्या पोराचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. शेवटी तीही एकटीच उरली होती. ती तुम्हाला नाही म्हणणार नाही."

"आणि तुम्ही?"

"मी विचारून येतो," मी म्हणालो. तिला किंवा शास्त्राला विचारण्यासारखे काही उरले नव्हते. देवळाच्या लोकांना विचारायचे होते.

आत मेणबत्त्यांच्या मांडणीजवळ एक वृद्ध बाई उभ्या होत्या. करडा स्वेटर, पांढरे केस, कमरेला किल्ल्या. त्यांना थोडे इंग्रजी येत होते. मी हात जोडून म्हणालो की आमच्यात एक प्रथा आहे, देवीला वस्त्र आणि धान्य अर्पण करतो, आम्हाला कोणाच्या नियमाचा भंग करायचा नाही, नको म्हणाल तर आम्ही नुसता नमस्कार करून जाऊ.

त्यांनी माझे बोलणे ऐकून घेतले, पण डोळे माझ्यामागे उभ्या असलेल्या कुंदाताईंवर होते. साडी, वरून स्वेटर, पायात पांढरे बूट, आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेला निळा खण.

"हिला बाळ होणार आहे?" त्यांनी विचारले.

"हिच्या मुलीला. मुलगी भारतात आहे. रुग्णालयात."

त्या बाई मग थांबत थांबत, शब्द शोधत म्हणाल्या, "पूर्वी राण्यांना दिवस गेले की इथे लहान सदरे आणत. वस्त्राच्या पेटीला टेकवत आणि मग आई होणारीकडे पाठवत. पुढे साध्या बायकाही आणू लागल्या. माझ्या आजीनं माझ्या आईसाठी आणला होता. आता फारसं कोणी येत नाही." त्यांनी खणाला हात लावला आणि अंगठा व तर्जनी यांमध्ये कापड किंचित चोळून पाहिले.

मी एकदम कुंदाताईंकडे पाहिले. दुकानात कापड पाहताना त्या अगदी तसेच करत.

"इरकल आहे," कुंदाताई मराठीत म्हणाल्या.

बाईंनी मान डोलावली, जणू त्यांना कळले. मग तांदळाकडे बोट करून त्या म्हणाल्या, हे आत नको, दगडावर सांडेल. खण मात्र चालेल.

प्रदक्षिणेच्या वाटेवर एका लहान उपमंदिरात, जाळीच्या आड, ते वस्त्र आहे. आमची मंडळी मागे उभी राहिली. मी त्यांना काही सांगितले नव्हते, पण कोणी फोटो काढला नाही. बाईंनी खणाची घडी उलगडली. एक टोक स्वतः धरले, दुसरे कुंदाताईंच्या हातात दिले आणि दोघींनी मिळून तो जाळीवर पसरून धरला. जाळी उघडली नाही. ती उघडत नसावी. वरच्या खिडकीतला प्रकाश थोडा सरकला आणि निळ्या कापडावर निळा पडला. दोघी आपापल्या भाषेत पुटपुटत होत्या. मी मनात देवीचे स्मरण केले. माझे हात पाठीशी नव्हते, एवढेच नंतर ध्यानात आले.

बाईंनी खण पुन्हा घडी घातला आणि कुंदाताईंपुढे धरला. कुंदाताईंनी हात पुढे केले नाहीत. स्वेटरखालून त्यांनी पदर ओढून काढला आणि तो दोन्ही हातांनी पसरला. त्या बाईंना आपली रीत काय ठाऊक असणार? पण समोर पसरलेला पदर पाहिल्यावर काय करायचे हे त्यांना सांगावे लागले नाही. त्यांनी खण पदरात ठेवला, वर आपला तळवा क्षणभर दाबला आणि किल्ल्या वाजवत निघून गेल्या.

कुंदाताई ओटी भरायला आल्या होत्या. पती गेल्यापासून त्यांच्या पदरात कोणी काही घातले नव्हते.

बाहेर आल्यावर जोगळेकर माझ्याजवळ आले. मला वाटले, आता टोमणा. ते मागे वळून खिडकीकडे पाहत म्हणाले, "कोबाल्ट आहे, गुरुजी. काचेत मुरवलेला. इतकी शतकं झाली, टिकलाय. आम्ही पण डोंबिवलीत निळा करत होतो. यांचा खिडकीत राहिला, आमचा नाल्यात गेला." आणि पुढे चालू लागले. तांदूळ स्वयंपाक्याने त्या संध्याकाळच्या भातात घातला, आणि जोगळेकरांनी तो दोनदा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी कुंदाताईंना विमानात बसवून दिले. पुढे काय झाले ते सरळ सांगतो, कारण यात चमत्कार शोधणारे आणि चमत्काराची टिंगल करणारे, दोघेही माझ्या परिचयाचे आहेत. मेघना बिछान्यावर पडून राहिली. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आणि परिचारिकांनी जे करायचे ते सर्व केले. मुलगी वेळेआधीच जन्मली, अगदी लहान. एके दुपारी कुंदाताईंचा मला फोन आला.

"गुरुजी, काचेच्या पेटीत ठेवलंय तिला. कावीळ आहे म्हणून वर दिवा लावलाय. निळा."

"घाबरू नका, तो उपचार असतो."

"घाबरत नाही हो. तेच सांगायला फोन केला. तुमच्या त्या देवळातला निळा, अगदी तस्साच. मी काचेबाहेर उभी राहून बघत असते."

मुलगी घरी आली. बारशाला मी गेलो होतो. कुंदाताईंनी त्या खणाची कुंची शिवली होती आणि निळ्या टोपात तो चिमुकला चेहरा लाल काठाच्या चौकटीत बसवल्यासारखा दिसत होता. कुंचीतून उरलेल्या कापडाचे त्यांनी एक झबले शिवले होते, तळहाताएवढे. ते मेघनाच्या मुलीसाठी नव्हते. "हे तिकडे टेकवून आणाल?" त्यांनी मला विचारले. "पुढच्या कुणाला लागेल."

माझ्या शेवटच्या सहलीत मी ते घेऊन गेलो. त्या बाई भेटल्या नाहीत. एक तरुण सेवक होता. त्याला मी सर्व हकिकत सांगितली. तो आत जाऊन कोणाला तरी विचारून आला आणि जाळीपाशी मला एकट्याला वेळ दिला. झबले घेऊन मी परतलो, आणि त्यानंतर ते झबले फिरू लागले. ठाण्याला एका घरी, कल्याणला दोन, डोंबिवलीत पुष्कळ. जिला दिवस गेले तिच्या उशाशी ते राहते, बाळ आले की एकदा त्याच्या अंगाला लावतात, कुंदाताई ते धुऊन, इस्त्री करून विठ्ठलवाडीला ठेवतात. एका घरातून ते फार लवकर परत आले. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्या घराविषयी मी काही लिहू शकत नाही. कुंदाताईंनी ते तेव्हाही धुतले, तेवढीच इस्त्री केली.

परवा जोगळेकर माझ्याकडे आले. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. चहा झाला. चष्मा दोनदा पुसून झाला.

"गुरुजी, ते झबलं... सध्या कुठे असतं?"

"का हो?"

"सूनबाई म्हणाली म्हणून विचारतोय. तिला कुणी तरी सांगितलं. माझा काही विश्वास नाही, तुम्हाला माहितीच आहे."

"माहिती आहे. कितवा?"

"चौथा लागलाय. डॉक्टर जरा जपून म्हणतायत." ते खिडकीबाहेर पाहू लागले. "तुम्ही चला बरोबर. मला एकट्याला ते मागता येणार नाही."

आम्ही दोघे विठ्ठलवाडीला शिवणकामाच्या गाळ्यात गेलो. कुंदाताईंनी कपाटातून झबले काढून टेबलावर ठेवले. जोगळेकरांनी ते उचलून उजेडात धरले, मग खिशातून पांढरा रुमाल काढला, त्याचे टोक पाण्याच्या पेल्यात बुडवले आणि झबल्याच्या आतल्या शिवणीवर घासून पाहिले. रुमाल पांढराच राहिला.

"पक्का आहे रंग," ते म्हणाले.

"किती वेळा धुतलंय ते साहेब," कुंदाताई म्हणाल्या. "कुठे चाललाय रंग?"

जोगळेकरांनी झबल्याची घडी घातली आणि ते रुमालात गुंडाळून खिशात ठेवू लागले.

"अहो, असं नाही न्यायचं," कुंदाताईंनी ते काढून घेतले. "देते मी. नीट घ्या."

जोगळेकर उभे राहिले. एकदा माझ्याकडे पाहिले. मग दाराकडे गेले, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट उंबऱ्याबाहेर नीट जोडीने ठेवले आणि परत येऊन त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.